फासा, बंदूक आणि कुंचला

अंबाजोगाईच्या आसपास बालाघाटाचे उतार, गायरानं आणि त्यांना लागून ज्वारी-सोयाबीनची रानं. काळवीट, ससा, तित्तर यांना मानवणारा हा मुलूख, त्यामुळे शिकारही इथली जुनीच. मार्च 2025 मध्ये बीड जिल्ह्यातल्याच शिरूर कासार तालुक्यात वन विभागाने एका घरावर छापा टाकला. तिथे वन्यप्राण्यांचं मांस आणि शिकारीची जाळी सापडल्याची बातमी राज्यभर गाजली. चर्चा लगेच राजकारणाकडे वळली आणि हरणं मागे पडली.

कायदा स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. त्याची शिकार केल्यास 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. पण कायद्याला सगळे शिकारी सारखे असले, तरी नीतीचा विचार करताना ते सारखे धरता येत नाहीत.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारपद्धतींचा अभ्यास केला. फासेपारधी फासे लावून हरणं आणि पक्षी धरत, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने शिकार करत, वैदू लहान मांसभक्षक प्राण्यांच्या मागे असत. जणू रान वाटून घेतलेलं. फाशात गाभण हरणी किंवा पाडस अडकलं, तर पारधी ते सोडून देत. पुढच्या वर्षीही याच रानात पोट भरायचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही मर्यादा राजेरजवाड्यांनी कुठे पाळली? 1947 मध्ये मध्य भारतातल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एकाच वेळी तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. शिक्का मात्र बसला तो पारध्यांवर. 1871 च्या कायद्याने अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पोलिसांचा संशय मात्र सरला नाही.

म्हणून आजची शिकार समर्थनीय ठरते का? नाही. माळ नांगरले गेले, कळप विखुरले, आणि फाशाला आत कोण अडकलंय हे कळत नाही. रात्रभर पाय ओढत बसलेल्या जनावराची वेदना शिकाऱ्याच्या गरिबीने कमी होत नाही. पण पाहुण्यांना चमचमीत काही हवं म्हणून रानचं मांस मागवणारा त्या फासेवाल्यापेक्षा मोठा दोषी आहे; त्याच्या पोटाचा प्रश्नच नसतो. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्याचंही तेच. कृत्रिम तंतूंचे कुंचले मिळत असताना चित्र रंगवायला मुंगूस मारायचं कारण उरत नाही.

शेतकऱ्याची बाजू वेगळी. रोही आणि रानडुकरं रातोरात पीक लोळवतात. अशा जनावराला मारायची रीतसर परवानगी मिळू शकते, पण मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. नियम योग्यच आहे, कारण मांसाची मोकळीक दिली की पिकाचं निमित्त पुढे करून शिकार सुरू होईल. मात्र नुकसानभरपाई वेळेवर मिळाली नाही, तर त्या शेतकऱ्याला संयम शिकवण्याचा अधिकार कुणालाच राहत नाही.

विदर्भात अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोर आणि त्याची गवताळ रानं राखण्याचं काम उभं केलं. माग काढण्याचं जे कसब शिकारीत लागायचं, तेच तिथे पक्षी शोधायला कामी आलं. बीड जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांतही हे कसब आहे. वन विभागाने इथल्या माळांवर राखणीसाठी आणि मोजणीसाठी याच माणसांना पगारावर घ्यायला हवं, आणि तेही पुढचा छापा पडण्याआधी.