क्वेबेकमधील प्रौढ स्थलांतरित आणि फ्रेंच भाषेचे वर्ग

प्रौढ वयात दुसरी भाषा आत्मसात करणे, ह्या प्रश्नाची चर्चा भाषाशास्त्रात बहुधा ध्वनी, व्याकरण आणि शब्दसंग्रह ह्यांच्या अंगाने होते. परंतु जो मनुष्य परमुलखात दिवसभर राबून संध्याकाळी वर्गात येऊन बसतो, त्याच्यापुरता हा प्रश्न आधी जागेचा व वेळेचा असतो, भाषेचा मागाहून. कॅनडातील क्वेबेक प्रांत ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. कारण प्रौढ स्थलांतरितांना फ्रेंच शिकविणे हे तेथे शासनाचे कर्तव्य मानले गेले असून त्याला 'फ्रेंचीकरण' अशा अर्थाची स्वतंत्र संज्ञाही रूढ आहे.

ह्यामागील इतिहास थोडक्यात असा. 1960 च्या दशकात मॉन्ट्रियलला येणारे बहुसंख्य स्थलांतरित आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालीत. त्यावरून 1968 साली सँ-लेओनार ह्या उपनगरात मोठा संघर्ष उद्भवला. त्याच वर्षी प्रांताचे स्थलांतर मंत्रालय स्थापन झाले आणि लवकरच प्रौढांसाठी 'कोफी' ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शन व प्रशिक्षण केंद्रे उघडण्यात आली. 1977 च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली. मुलाची सोय अशा रीतीने कायद्याने झाली. बापाला व आईला मात्र आपला वर्ग स्वतः शोधावा लागला. कोफी केंद्रेही 2000 साली बंद झाली, आणि त्यांचे कार्य महाविद्यालये, प्रौढशिक्षण केंद्रे, विद्यापीठे व स्थानिक संस्था ह्यांच्यात विभागले गेले.

ह्या विभागणीचा परिणाम असा झाला की, वर्ग पुष्कळ असले तरी कोणता वर्ग आपला, हे नवागताला कळेना. मंत्रालयाचा अर्ज निराळा, शाळामंडळाचा निराळा. 2022 च्या कायद्याने ह्यावर 'फ्रान्सिझासिओं क्वेबेक' ही एकच खिडकी निर्माण केली व 1 जून 2023 पासून ती उघडली. अर्ज तेथे करावयाचा, पातळीची चाचणी तेथून व्हावयाची आणि मग विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेकडे पाठवावयाचे, अशी ही रचना आहे. शिक्षण विनामूल्य आहे. पूर्ण वेळेच्या वर्गाला आठवड्यास 25 ते 30 तास द्यावे लागतात. नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळेचे, संध्याकाळचे, दूरस्थ आणि काही ठिकाणी कारखान्यातच भरणारे वर्ग असतात. आठवड्याला 25 तास मोकळे असणारा मनुष्य बहुधा बेकार तरी असतो किंवा नुकताच आलेला असतो. इतरांच्या वाट्याला अर्धवेळेचा वर्गच येतो आणि त्यांची प्रगतीही त्याच मानाने मंद होते.

वर्गाची निवड ठरते ती पातळीवरून. क्वेबेकची मोजपट्टी बारा पातळ्यांची असून त्यांचे आरंभिक, मध्यम व प्रगत असे चार-चारांचे तीन टप्पे आहेत. ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे ही चार कौशल्ये तीत स्वतंत्रपणे मोजली जातात, आणि हाच तिचा खरा गुण होय. फ्रेंच भाषेत उच्चार व लेखन ह्यांतील अंतर फार मोठे आहे. 'बोलणे', 'बोललेले' आणि 'तुम्ही बोलता' ह्या अर्थांची तीन क्रियारूपे कानाला एकच, 'पार्ले' अशी, ऐकू येतात. लिहिताना मात्र तिन्हींचे अंत्य भाग निरनिराळे होतात. स्वयंपाकघरात किंवा बांधकामावर कानाने फ्रेंच शिकलेला मनुष्य बोलण्यात पाचव्या पातळीवर आणि लिहिण्यात पहिल्या पातळीवर असू शकतो. अशा मनुष्याला एकाच अंकाने मोजणे म्हणजे त्याला चुकीच्या वर्गात बसविणे होय.

लिपीचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. ज्यांचे शालेय शिक्षण अल्प झाले आहे त्यांच्यासाठी साक्षरतेसह फ्रेंच शिकविणारे निराळे वर्ग असतात. मॉन्ट्रियलच्या पार्क-एक्स्टेन्शन भागात दक्षिण आशियातील कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील एखादी स्त्री गुरुमुखी सफाईने वाचत असेल, पण रोमन लिपी तिला अडखळत वाचावी लागत असेल. ती निरक्षर नव्हे, आणि फ्रेंच वर्गाच्या अर्थाने साक्षरही नव्हे. वाचन म्हणजे काय हे तिला ठाऊक असते. तिला केवळ नवी चिन्हे हवी असतात. अक्षरओळखीच्या वर्गात तिचे महिने वाया जातात, साध्या वर्गात ती मागे पडते.

वर्गात शिकविली जाणारी फ्रेंच आणि बाहेर ऐकू येणारी फ्रेंच ह्यांतील भेद हा विद्यार्थ्यांचा नित्याचा अनुभव आहे. प्रश्न विचारताना वाक्यारंभी 'एस्क' लावावे असे वर्ग शिकवितो. बसथांब्यावर मात्र क्रियापदापाठोपाठ एक 'त्सु' ऐकू येतो: 'से-त्सु ल्वँ?' म्हणजे 'लांब आहे का?' हा 'त्सु' येथे 'तू' नव्हे. तो आपल्या 'का' प्रमाणे निव्वळ प्रश्नवाचक अव्यय आहे, आणि कर्ता कोणताही असला तरी बदलत नाही. मराठी भाषकाला ही रचना उमजावयास एक क्षणही लागू नये. त्यातील ध्वनीही त्याला परका नाही. क्वेबेकमध्ये 'इ' व 'यु' ह्या जातीच्या स्वरांपूर्वी 'त' चा 'त्स' आणि 'द' चा 'द्झ' होतो. 'चूक' आणि 'जुना' ह्या शब्दांत आपण जे दंत्य वर्ण उच्चारतो, त्यांच्याच जवळचे हे ध्वनी आहेत. अडचण येते ती 'इ' पूर्वी, कारण तेथे मराठीत 'चिमणी' तील तालव्य 'च' ची सवय असते. शिवाय ओठ गोल करून उच्चारावयाचा फ्रेंच 'यु' मराठीत मुळीच नाही. अशा गोष्टी ज्याच्या-त्याच्या मातृभाषेनुसार सांगण्यास पंधरा भाषांच्या वर्गात शिक्षकाला सवड मिळत नाही, ह्यात त्याचा दोष नाही.

ह्यापुढील पायरी व्यवसायाची. परिचारिका, अभियंता आदी नियंत्रित व्यवसायांत शिरण्यासाठी सनदेनुसार व्यवसायास पुरेशी फ्रेंच आवश्यक असते. ज्याने माध्यमिक वा त्यापुढील शिक्षण तीन वर्षे फ्रेंचमधून घेतलेले नाही, त्याला सामान्यतः फ्रेंच भाषा कार्यालयाची परीक्षा द्यावी लागते. आरोग्य, अभियांत्रिकी, प्रशासन अशा क्षेत्रांसाठी म्हणून खास भाषावर्ग आहेत. प्रौढांसाठीचे धंदेशिक्षण आणि महाविद्यालयीन प्रमाणपत्रांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. मात्र त्यांत प्रवेश मिळविण्यापुरती फ्रेंच आधीच आलेली असावी लागते. भाषेवाचून प्रशिक्षण नाही आणि प्रशिक्षणावाचून बरी नोकरी नाही. मग आठवड्याचे 25 तास मोकळे करावयाचे कशाच्या बळावर?

2024 च्या शरद ऋतूत ही सर्व रचना ऐन मध्यावर अडखळली. अनेक शाळा-सेवाकेंद्रांची फ्रेंचीकरणासाठी मंजूर झालेली रक्कम वर्ष सरण्यापूर्वीच संपली. वर्ग बंद झाले, शिक्षकांना घरी बसावे लागले आणि अर्ध्यावर आलेले विद्यार्थी पुन्हा प्रतीक्षायादीत गेले. आरंभिक टप्प्यावर खंड पडला तर त्याची किंमत मोठी असते. ऐकलेले बरेचसे टिकते, कारण रस्ता ते पुन्हा पुन्हा ऐकवितो. लिहिलेले झपाट्याने विसरते. काही महिन्यांनी असा विद्यार्थी परत चाचणीस बसतो, तेव्हा बोलण्याच्या व लिहिण्याच्या पातळ्यांतील अंतर पूर्वीपेक्षा वाढलेले असते, आणि त्याला कोणत्या वर्गात बसवावे हा प्रश्न नव्याने उभा राहतो.