अंगणवाडीला अंगण हवं

मी चंद्रपूरचा, इमारती बांधणारा अभियंता. काही वर्षांपूर्वी गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या एका अंगणवाडीचं अंगण मीच सिमेंटच्या गट्टूंनी झाकलं. चिखल होऊ नये, पोरांचे पाय स्वच्छ राहावेत, एवढाच हेतू. मे महिन्यात पुन्हा गेलो, तर गट्टू तव्यासारखे तापलेले आणि पोरं स्लॅबखालच्या कोंदट खोलीत बसलेली. कुंपणापलीकडे मोहाखाली पाचोळा होता, गार माती होती. तिथं कोणी नव्हतं.

त्या मातीत असंख्य सूक्ष्मजीव असतात, बहुतेक निरुपद्रवी. लहानपणी त्यांच्याशी ओळख झाली की शरीर शत्रू कोण नि शेजारी कोण हे शिकतं. ती राहून गेली तर पुढं ॲलर्जी, दमा बळावू शकतो, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. फिनलंडमध्ये काही बालवाड्यांच्या उघड्याबोडक्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून अंथरली. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांचं वैविध्य वाढलं, रक्तातही प्रतिकारशक्ती ताळ्यावर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या खुणा दिसल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास जेमतेम ७५ मुलांचा. त्यानं आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, पण दिशा कळते.

फिनलंडच्या त्या बालवाड्यांत जंगलाची माती बाहेरून आणावी लागली. गडचिरोलीत ती दाराशी आहे, आणि आपण ती झाकतो.

माती हवी म्हणजे घाण हवी असं मात्र नाही. मैला मिसळलेल्या मातीतून हुकवर्म पायांवाटे शिरतो आणि लेकराचं रक्त शोषतो. म्हणून संडास वापरात हवा, हातपंपाला ओटा नि नाली हवी, जेवणाआधी साबण हवा, पायात चप्पल हवी. बाकी आपल्या कुडाच्या घरांकडून शिकावं: समोरासमोर खिडक्या, कवेलूंचं छप्पर, पुढं सावलीची छपरी.

चातगावजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना आदिवासींच्या झोपड्यांसारखा बांधला, कारण मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटत होती. तिथं आधी लोकांना विचारलं, मग बांधलं. मी त्या अंगणवाडीत कोणालाच विचारलं नव्हतं.

तुमच्या गावात अंगणवाडीचा नवा नकाशा येईल, तेव्हा ग्रामसभेत एवढंच विचारा: यात अंगण कुठे आहे? आणि मोहाचं झाड तोडू देऊ नका.