बदाम मुलांना, झोप कुणाला?

"रात्री दोनच्या सुमाराला समुद्राची गाज ऐकू यायला लागली की समजायचं, आजही झोप गेली!" कळंबच्या बचत गटातल्या एक वहिनी परवा सांगत होत्या. समुद्र दिवसभर घरामागेच असतो, पण तेव्हा ऐकायला वेळ कुणाला? वय ४७. पडल्या पडल्या डोळा लागतो, दोन-अडीचला टक्क जाग, आणि पाचला पुन्हा पाणी, डबे, नालासोपाऱ्याची बस. बसलेल्या बहुतेक जणींनी माना डोलावल्या.

"रात्री बदाम-अक्रोड खा, झोप लागते म्हणे," कुणीतरी सुचवलं. त्यावर वहिनी हसल्या, "बदाम मी शेवटचे खाल्ले ते बाळंतपणात, डिंकाच्या लाडवातले!"

हसण्यावारी गेलं, पण मला ते लागलं. मैत्रिणींनो, आपल्या घरात बदाम भिजतात ते परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी. काजू निघतात पाहुण्यांसाठी. बाईच्या वाट्याला सुका मेवा येतो तो सव्वा महिन्यापुरता.

आता झोपेचं म्हणाल, तर त्या सल्ल्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. अंधार पडला की आपला मेंदू मेलॅटोनिन नावाचं द्रव्य तयार करतो आणि शरीराला झोपेची वेळ कळते. ते अक्रोडातही थोडं असतं. २००५ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना अक्रोड खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रक्तातलं मेलॅटोनिन वाढलेलं दिसलं. पुढे स्पेनमध्ये बार्सिलोनाला तरुण मुलामुलींना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम अक्रोड देऊन पाहिले. त्यांची झोप सुधारल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती विशीतली मुलं! चाळिशीतल्या बाईचं रात्रीचं दुखणं निराळं. पाळी जायच्या दिवसांत अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते. त्यात मुलीच्या लग्नाची, कर्जाच्या हप्त्याची काळजी. मूठभर मेवा याला पुरा पडेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. (आणि बदाम-पिस्त्याचं मसाला दूध आपण पितो कधी? कोजागरीला, जागायला!)

तरीही मी म्हणते, खा. स्नायू आणि मज्जातंतू शिथिल व्हायला मॅग्नेशियम लागतं. १०० ग्रॅम बदामात ते सुमारे २७० मिलिग्रॅम असतं, काजूत त्याहून थोडं जास्त. आणि महाग वाटत असेल तर आपले शेंगदाणे आहेतच. खरं तर ते कडधान्याच्या कुळातले, पण १०० ग्रॅममध्ये मॅग्नेशियम १७० च्या आसपास आणि प्रथिनं जवळजवळ २५ ग्रॅम, म्हणजे बदामापेक्षाही जास्त. उपासाला आपण खातोच, मग एरवी का नाही? मूठभर, म्हणजे २५-३० ग्रॅम, संध्याकाळी पाच-सहाला. त्या वेळचा दुसरा चहा मात्र सोडायचा. खरं सांगायचं तर निम्मी झोप तो चहाच उडवतो. खारे, तळलेले दाणे नकोत, रक्तदाब असेल तर मुळीच नकोत. आपल्याकडच्या दमट हवेत दाण्यांना लवकर बुरशी धरते. कडवट, काळपट दाणा भाजून वापरू नका, टाकूनच द्या. दाण्यांनी अंगावर पित्त उठत असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि तीन-चार आठवडे झोपेचं असंच चाललं, घोरण्याने श्वास अडकायला लागला, छातीत धडधडलं, तर दाणे खात बसू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. "झोप येत नाही" एवढ्यासाठी डॉक्टरकडे काय जायचं, असं आपल्याला वाटतं. नवऱ्याला दोन रात्री झोप नाही लागली तर आपणच त्याला दवाखान्यात पिटाळतो की नाही?

वहिनींनी तपासणी करून घेतली. थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली. परवा भेटल्या तेव्हा मी झोपेचं विचारलं. "मधेमधे लागते हो," म्हणाल्या. भाजलेल्या दाण्यांची बरणी त्यांनी चहापावडरच्या डब्यामागे लपवून ठेवली आहे. पुढे ठेवली तर पोरं दोन दिवसांत संपवतात.