पटावरची निष्क्रिय खाती

प्राध्यापकांच्या परिषदेला एखाद्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला बोलावणं आलं, तर त्याने समजावं की आयोजकांपैकी कुणीतरी आपली कादंबरी वाचली असावी, नाहीतर ठरलेला पाहुणा आयत्या वेळी गळला असावा. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी गेलो तो मनात ही दुसरी शंका घेऊनच. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं आणि कार्यक्रमपत्रिका हाती आली. सकाळी संशोधन, जेवणाआधी अध्यापन आणि जेवणानंतर, म्हणजे डोळे जड होण्याच्या वेळी, सर्वसमावेशकता.

सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. शोधनिबंधांवर बढतीची गणितं बसू लागल्यापासून हे होणारच. निबंध वाढले तशी ते छापणारी नियतकालिकंही वाढली. शेवटी मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळावी लागली. निकृष्ट दर्जा, चुकीची माहिती, खोटे दावे अशी कारणं होती.

दुपारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मागच्या रांगेतल्या एका तरुण प्राध्यापिका उठल्या. म्हणाल्या, "सर, प्रवेश आपण सगळ्यांना देतो. पण पहिल्या वर्षाच्या पटावरची किती मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतात, याचा हिशेब कुठल्या सत्रात मांडायचा?" उत्तर आलं नाही. चहा आला.

मला मात्र माझी जुनी शाखा आठवली. सांगली जिल्ह्यात मी अधिकारी होतो, ऐंशीच्या दशकात. बँकेत काही खाती निष्क्रिय होतात. खातेदार भांडत नाही, खातं बंद करत नाही. नुसता यायचा थांबतो. अशा खात्यांत जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका मुलाचं शिष्यवृत्तीचं खातं होतं. पैसे जमा, पण काढायला कुणी नाही. चौकशी केली, तेव्हा त्याच्या गावचा एकजण म्हणाला, "घरात कानडी बोलतात साहेब. वर्गातलं काही कळंना, म्हणून गेला सोडून." मी त्याचं नाव निष्क्रिय खात्यांच्या रजिस्टरात चढवलं आणि पुढची फाइल ओढली. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं.

१९१९ हे साल आपल्या भागाने विसरू नये. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढलं. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. उच्च शिक्षणाचं दार सांगलीत उघडलं, पण त्या दारापर्यंत खेड्यातलं पोर पोहोचणार कसं, हा प्रश्न भाऊरावांचा होता. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले होते. पोराला आधी छप्पर आणि भाकरी हवी, हे त्यांनी ओळखलं. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. ती पंगत चालावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९२७ साली गांधीजी या वसतिगृहात येऊन गेले. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघालं, तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. भाऊरावांच्या छायेत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेतून बॅरिस्टर होऊन परतले, त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

आता यातलं संशोधन कोणतं, अध्यापन कोणतं आणि सर्वसमावेशकता कोणती, हे सांगा पाहू! मूल का येत नाही याचा शोध, त्याला कळेल असं शिकवणं आणि शेवटपर्यंत टिकवणं, हे सारं एकच काम होतं. त्याची तीन सत्रं आपण केली.

२०२१ मध्ये कर्मवीरांच्या नावाचं विद्यापीठ साताऱ्यात स्थापन झालं. नावाचा मान राखायचा तर विषय शोधायला लांब जायला नको. माण-खटावच्या दुष्काळी गावातली मुलगी दुसऱ्या वर्षी का दिसत नाही? एसटीची वेळ जुळत नाही, की घरात लग्न ठरलं? विटा-आटपाडीकडचा मुलगा सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात परमुलखात गेला, तर त्याची पदवी वाटेत का सुटली? जतच्या कानडी घरातल्या पोराला पहिले सहा महिने काय उमगत नाही? प्रत्येक प्राध्यापकाने वर्षाला असं एक घर गाठावं आणि जे कळेल ते लिहून काढावं. दहा वर्षांत साठणारं ते बाड कुठल्या यादीत बसेल, न बसेल. पण त्यावरून शिकवणं बदलता येईल, आणि गेलेल्यांतला एखादा परतही येईल.

परतताना त्या प्राध्यापिका फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांच्या वहीत चार नावं होती, यंदा न परतलेल्या मुलांची. "सुट्टीत जाऊन येते," म्हणाल्या.

मी मान डोलावली. जतच्या त्या मुलाचा पत्ता माझ्याकडेही होता. खातं उघडण्याच्या अर्जावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. दिवसभराच्या एसटीच्या प्रवासाचंच अंतर होतं. मी गेलो नाही.