वडाचे पान आणि घुशीचे रक्त

नाशिकच्या अंबडला कारखान्यांची वसाहत संपते तिथे शेताच्या बांधावर वड दिसतो आणि बुंध्याशी घुशीने उकरलेल्या मातीचा ढीग. वड पिढ्यान्‌पिढ्या जागचा न हलता उन्हावर जगतो. घूस मोजकेच पावसाळे पाहते आणि रात्रभर भुई पोखरते. या दोघांमध्ये एक विलक्षण नाते आहे.

पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूत नायट्रोजनचे चार अणू असलेले एक कडे असते. अंगठीच्या कोंदणात खडा बसावा तसा त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू. घुशीच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही जवळपास तेच कडे, फक्त मध्यभागी लोह! मॅग्नेशियमवाले कडे सूर्यप्रकाश पकडते, लोहवाले ऑक्सिजन वाहून नेते. हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दोन्ही रंगद्रव्यांच्या रचनेचा शोध घेतला आणि 1930 साली त्याला नोबेल मिळाले.

हे धातू आले कुठून? अंबडजवळच्या डोंगरात पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, त्यातूनच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट लोह आणि मॅग्नेशियम या दोन्हींनी समृद्ध. तो झिजून काळी माती झाली. मुळे त्या मातीतून दोन्ही धातू उचलतात. घुशीला लोह मिळते ते धान्यातून आणि कंदमुळांतून, म्हणजे वनस्पतींच्याच हातून.

आणखी नवल पुढेच आहे. हे कडे तयार करण्याच्या बऱ्याच पायऱ्या झाडात आणि प्राण्यात सारख्याच आहेत. शेवटच्या वळणावर मॅग्नेशियम बसले की वाट हरितद्रव्याकडे जाते, लोह बसले की हीमकडे, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोहवाल्या कड्याकडे. वड या दोन्ही वाटा चालतो! श्वसनासाठी त्यालाही लोहाची कडी लागतात. शिवाय हरितद्रव्य घडवायलाही लोह हवेच. म्हणून चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले की नाशिकच्या द्राक्षवेलीची कोवळी पाने पिवळी पडतात. लोह कमी पडले की माणूसही फिका पडतो.

शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी झाडांचे आणि प्राण्यांचे पूर्वज वेगळे झाले, पण श्वासाची ही रीत दोघांनीही टाकली नाही. वडाचे मूळ आणि शेजारच्या बिळातली घूस आजही लोहाच्या त्याच कड्यांवर श्वसन करतात. बांधावरचे हे दोघे नुसते शेजारी नाहीत, सख्खे भाऊबंद आहेत.