ट्रेनिंगचा परिणाम मोजायचा कुठे?
जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत प्रश्नावली घेऊन निघालात, तर ‘डायव्हर्सिटी ट्रेनिंग आवडलं का?’ हा प्रश्न आधी खोडा. मीही लिहिला होता! उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी बढत्या कुणाला मिळाल्या ते बघा. कालेव्ह, डॉबिन, केली यांनी ७०८ अमेरिकी आस्थापना तपासल्या (२००६): नुसत्या ट्रेनिंगने मॅनेजरपदी स्त्रिया फारशा वाढल्या नाहीत, त्याची जबाबदारी कुणावर तरी टाकली, तिथे वाढल्या.

पण आत शिरूच न शकलेल्यांचं काय? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले (२००७). बोलावणं येण्याचे ऑड्स सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट. नमुना हजेरीपटावरून घेतलात तर ही माणसं दिसणारच नाहीत. नाकारलेले अर्जही मागा. मिळणं अवघड आहे, तरी मागा.