वजन घटवले, पण कुठून?

स्पोर्ट्स कार हाती आली की थोड्याच दिवसांत मालकाला तिच्यात बदल करावेसे वाटू लागतात. आधी चाके, मग सायलेन्सर आणि मग ब्रेकच्या हलक्या डिस्क. मूळ डिस्कपेक्षा दीड-दोन किलोने हलक्या, भोके पाडलेल्या, चाकाच्या आऱ्यांमधून चकाकणाऱ्या या डिस्क बसवल्या की गाडी जागच्या जागी थांबते, असे अनेकांना वाटते. ‘डॉक्टर, महिन्यात पाच किलो वजन उतरले,’ असे एखादा रुग्ण सांगतो, तेव्हा आम्ही लगेच अभिनंदन करत नाही. चरबी गेली की स्नायू झिजले, हे आधी पाहतो. ब्रेकच्या डिस्कलाही हाच प्रश्न विचारायला हवा.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा व्यवहार

चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबतात. घर्षण होते आणि गाडीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असेल, तर तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढ्यात साधारण पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता तीन-चार सेकंदांत निर्माण होते आणि तेवढ्या वेळात ती हवेत निघून जाऊ शकत नाही. ती आधी डिस्कमध्येच साठते.

म्हणूनच डिस्क बिडाच्या करतात. बिडाचा तवा सावकाश तापतो, भरपूर उष्णता धरून ठेवतो. पातळ तवा क्षणात लाल होतो. आकडेमोड सोपी आहे. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे २०० किलोज्यूल येतात असे धरू. आठ किलोच्या डिस्कचे तापमान एका थांब्याला साधारण ५० अंशांनी वाढेल, सहा किलोच्या डिस्कचे ६५ अंशांहून अधिक. एका थांब्याला हा फरक जाणवणार नाही. पण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. आणि लागोपाठ दहा वेळा ब्रेक लावले की हिशेब झपाट्याने वाढत जातो.

हलकेपणाचा खरा फायदा

हलक्या डिस्कचा फायदा काल्पनिक मात्र नाही. धावणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या वजनापेक्षा बुटात वाढलेले वजन त्याला कितीतरी जास्त दमवते. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले तर धावण्याला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते. चाक, टायर, डिस्क हे गाडीचे बूट. ते स्प्रिंगच्या खाली असतात आणि प्रत्येक खड्ड्यावर त्यांना वर-खाली व्हावे लागते. ते हलके असतील तर टायर रस्त्याला अधिक चिकटून राहतो, स्टिअरिंग चपळ वाटते, वेग घेणे किंचित सोपे होते. पण हा फायदा हाताळणीचा आहे. थांबण्याच्या अंतरात त्याने मोठा फरक पडत नाही.

चरबी की स्नायू?

आता मूळ प्रश्न. डिस्कचे दोन भाग असतात. बाहेरचे कडे, ज्यावर पॅड घासतात, आणि मधला टोपीसारखा भाग, ज्याने डिस्क चाकाच्या हबवर बसते. उष्णता झेलण्याचे काम प्रामुख्याने कड्याचे. चांगल्या दोन-भागी डिस्कमध्ये हे कडे बिडाचेच आणि पुरेशा जाडीचे ठेवतात, फक्त टोपी ॲल्युमिनियमची करतात. कडे तापून प्रसरण पावले तरी टोपी त्याला जखडून ठेवत नाही, म्हणून डिस्क वाकडी होण्याची शक्यता कमी होते. इथे चरबी गेली, स्नायू राहिले.

स्वस्त डिस्कमध्ये मात्र कड्याची जाडी घटवून किंवा भरमसाट भोके पाडून वजन कमी केलेले असते. म्हणजे जिथे उष्णता साठायची तेच काढून टाकले. तापणे-निवणे वारंवार झाले की भोकांच्या कडांपासून बारीक भेगा सुरू होतात. खाचा असलेली डिस्क त्या मानाने टिकाऊ. कार्बन-सिरॅमिक डिस्क बिडाच्या सुमारे निम्म्या वजनाच्या असतात आणि प्रचंड तापमान सोसतात. पोर्शेने २००१च्या सुमारास ९११ जीटी-२ला त्या दिल्या. पण त्यांची किंमत पाहून बहुतेकांचा उत्साह मावळतो.

घाट उतरताना

आपल्याकडे ब्रेकची खरी परीक्षा घाटात होते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना गाडी हजार मीटरहून अधिक खाली येते. हजार मीटर उतरताना १५०० किलोच्या गाडीची जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी १०० वेगावरून २५ वेळा थांबण्याइतकी असते. इंजिनाचा रोध वापरला नाही तर त्यातली बरीचशी ब्रेकच्या माथी येते. हलकी डिस्क लवकर तापते, ती उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतला दमटपणा शोषते. डॉट-४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावर तो १५५पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पॅडल तळापर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. उतारावर खालचा गिअर ठेवा, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला शुद्ध विज्ञान आहे.

गाडी कोण थांबवते?

ब्रेक चाकाला थांबवतात. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला पकड. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएसची थरथर पायाला जाणवली, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. तिथे नवी डिस्क अंतर कमी करू शकत नाही, चांगला टायर करू शकतो.

आणि टायरच्याही आधी येतो चालवणारा. ताशी १०० वेगात चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर थांबायला ४० ते ४५ मीटर लागतात. पण अचानक समोर काही आले, ते दिसले, मेंदूला उमगले आणि पाय पॅडलवर गेला, यात सहज दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आणखी ४२ मीटर पुढे गेलेली असते. केवळ अर्धा सेकंद उशीर म्हणजे १४ मीटर. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी खालावते, असे १९९७मधील एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले. आपल्याकडे कायद्याची मर्यादाच ०.०३ टक्के आहे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतले क्लोरफेनिरामिनही झोप आणते. अपघात विभागात येणाऱ्या जखमींच्या बाबतीत हे हुकलेले मीटर बरगड्या, प्लीहा आणि मेंदू यांच्यावर मोजावे लागतात.

गॅरेजमधल्यांसाठी एक सूचना. ब्रेकची काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या कपड्याने पुसा. तिच्यातले धातूचे सूक्ष्म कण फुप्फुसात जातात. जुन्या पॅडमध्ये तर ॲस्बेस्टॉस असे आणि त्याचा कर्करोग कित्येक दशकांनी उगवतो. युरोपच्या नव्या युरो-७ नियमांत ब्रेकच्या धुळीवर प्रथमच मर्यादा आली आहे.

हौस असेल तर हलक्या डिस्क जरूर बसवा, पण क्रम पाळा. आधी टायर, मग ताजे ब्रेक ऑइल, मग आपल्या वापराला साजेसे पॅड. रेसचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, हे लक्षात ठेवा. डिस्क घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: कड्याची जाडी मूळ डिस्कइतकी आहे का, आणि वजन टोपीतून कमी केले की कड्यातून? उत्तर गोलमोल आले, तर मूळ डिस्कच ठेवा. आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री सात तास झोपा. थांबण्याचे अंतर कमी करणारा याहून स्वस्त उपाय नाही.